पोर्चमधली बादली

नर्स मार्गोनं पानियाकच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि किती दिसतात ते विचारलं. तापीसानं तो प्रश्न आपल्या भाषेत मामाला सांगितला. मामा बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

"दोन," तो म्हणाला. "पण तिनं एकच धरलंय हे मला ठाऊक आहे. माझी परीक्षा घेऊ नका."

एरवी या उत्तरावर दवाखान्यात हशा पिकला असता. पानियाकमामा म्हणजे उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या इकालुलिक गावातला सगळ्यात वात्रट म्हातारा, आणि सत्तरी उलटली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता. पण आज त्याचा आवाज नाकातून येत होता, नळीतून बोलल्यासारखा, आणि ते ऐकून कुणाला हसू आलं नाही.

"तोंड कोरडं पडलंय का?" तापीसानं विचारलं. "घोट गिळताना त्रास होतो?"

मामा नुसताच बघत राहिला. भुवया वर म्हणजे हो आणि नाक आक्रसलं म्हणजे नाही, एवढ्यावर इकालुलिकमधली निम्मी संभाषणं उरकतात.

"मामा, काहीतरी म्हण की!"

"म्हणतोय ना कधीचा," मामा चिडून म्हणाला. "हो, हो, हो. तीनदा म्हणालो."

त्याच्या भुवया जागच्या हललेल्या नव्हत्या. पापण्या निम्म्यावर येऊन लोंबल्या होत्या. भिंतीपाशी बाकावर बसलेल्या लीतियानं ते पाहिलं. तिच्या अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत बाळ झोपलं होतं. त्याचा गरम श्वास मानेवर लागत होता, तेवढाच काय तो धीर.

मार्गो तापीसाशी भराभरा बोलली. तापीसा तिथे दुभाषी म्हणून कामाला होती. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक नर्सचं बोलणं गेली अकरा वर्षं तिच्याच तोंडून गावाला कळत होतं. लीतियाच्या नवऱ्याची, जाइपितीची, ही थोरली बहीण बोलायला फटकळ, पण कामाच्या वेळी तिचा आवाज सपाट असायचा. आज तो तसा राहिला नाही.

"बादलीतलं आंबवलेलं सीलचं मांस. त्यात विष तयार झालंय असं ती म्हणते. उबेत, वारा न लागता. त्याला वास येत नाही, चव येत नाही. आधी डोळे जातात, मग गळा, मग श्वास." ती थांबली. "औषध दोघांपुरतंच आहे. बाकीचं विमानानं येईल, आणि बाहेर धुकं तुम्ही बघताच आहात. एक बाटली आत्ता मामाला. ती विचारतेय, आणखी कुणी कुणी खाल्लं?"

"मी," मामा म्हणाला. "आणि ही लीतिया. परवा आम्हीच होतो. माझ्या बहिणीनं, ऊलायूनं, घेतलं नाही. म्हणाली, दात राहिले नाहीत आता. माझ्यापेक्षा दोन जास्तच असतील तिला."

"रेडिओवर सांगितलं होतं का?" तापीसानं विचारलं.

लीतियानं मान खाली घातली. मांसाची बादली उघडायची तर गावच्या रेडिओवर सांगायचं, या हो खायला, ही त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. परवा पहिल्यांदाच त्यांनी ती मोडली होती, कारण बादलीत होतं जेमतेम चार वाडगे. गावाला बोलवायचं आणि समोर काय ठेवायचं? दोन दिवस ती लाज तिला आतून खात होती. आता त्याच लाजेनं गाव वाचवलं म्हणायची वेळ आली होती.

"नाही सांगितलं," ती म्हणाली.

मार्गोनं दुसऱ्या बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लीतियाचं नाव लिहायला घेतलं.

"तू इथून हलायचं नाहीस," तापीसा सांगत होती. "लक्षण दिसलं की लगेच सुई. आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही, ती म्हणते. डब्याचं दूध दे."

डब्याचं दूध! दुकानातली ती फळी तीन आठवडे रिकामी होती आणि ते तापीसालाही माहीत होतं. लीतिया नाव लिहिणाऱ्या त्या पेनाकडे बघत राहिली. बोलावं तर तापीसासमोर अब्रू जाणार होती. न बोलावं तर आपल्या नावाची ती बाटली कपाटात पडून राहणार होती.

"ताई," ती म्हणाली, "तिला सांगा, मी खाल्लं नाही."

"काय?"

"वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेले खरी. पण भूकच नव्हती मला. पोट भरलेलं होतं. माझा वाटा पिशवीत भरून ठेवलाय, पोर्चमध्ये, बुटांच्या मागे. जाइपिती आला की खाईल म्हणून."

तापीसानं तिच्याकडे एक लांब नजर टाकली. पोट भरलेलं होतं, हे वाक्य दोघींनी घरातल्या बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा खरा अर्थ विचारावा लागत नसे.

"ती पिशवी घेऊन यायची," मार्गोचं ऐकून तापीसा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. घरात कुणाच्या तोंडी लागायच्या आधी. चल, मी नेते तुला."

*

धुकं इतकं दाट होतं की चारचाकी बाइकच्या पुढच्या चाकांपलीकडे रस्ता दिसत नव्हता. जून संपत आला होता. सूर्य मावळायचं विसरला होता, आणि तरी चार दिवस त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. जाइपिती बर्फाच्या कडेला शिकारीला गेला त्याला आज नऊ दिवस झाले होते.

"झाकण कोणी दाबलं त्या बादलीचं?" तापीसानं मागे न वळता विचारलं.

"मी."

"आई सांगून सांगून थकली असेल, वारा लागू दे म्हणून. आणि पोर्चमध्ये ठेवायची अक्कल कुणाची? खाली हीटरचा पाइप जातो तिथे!"

"मामांची. बेटावरच्या खड्ड्यात दगडांखाली ठेवायचं तर बोटीला पेट्रोल हवं. ते सगळं जाइपिती घेऊन गेला." लीतियाचा आवाज चढला. "आणि झाकणाचं म्हणाल तर ताई, तुमच्या ऑफिसचे पाहुणे यायचे होते. लोक नाकं दाबतात, बंद कर ते, असं तुम्हीच म्हणाला होता. पोर्चमध्ये उभ्या राहून."

तापीसानं बाइक घरापाशी आणून थांबवली. उतरताना ती म्हणाली, "हो. म्हणाले होते मी."

पोर्चमध्ये लीतियानं सगळे बूट बाजूला केले. जाइपितीचे जुने, लेक कौनाकचे, सासूचे. मग तीच जागा पुन्हा चाचपली. भिंत आणि फरशी सोडून तिथे काही नव्हतं.

"नाहीये," ती म्हणाली.

"नीट बघ."

"ताई, पिशवी नाहीये!"

पहिला विचार आला तो पोरीचाच. ती बुटांसकट आत धावली. कौनाक जमिनीवर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसून चित्रं कापत होती. पाच वर्षांची पोर. लीतियानं तिचे दोन्ही दंड धरले.

"पोर्चमधली पिशवी तू घेतलीस? मांसाची? खरं सांग, मी रागावणार नाही."

कौनाकनं नाक आक्रसलं. तापीसानं तिची बोटं हुंगली, ओठ उघडून जीभ बघितली, समोर एक बोट धरलं.

"किती?"

"एक," कौनाक म्हणाली. "तुला मोजता येत नाही का, आत्या?"

लीतियानं वर पाहिलं, आणि तेव्हा तिला चुलीवरच्या दोरीवर ती पिशवी दिसली. धुतलेली, उलटी करून चिमट्यानं वाळत घातलेली.

चुलीपाशी तिची सासू ऊलायू पाठ करून बसली होती. मांडीवर जाइपितीच्या बुटाचं कातडं, हातात सुई. लीतिया तिला आत्याबाई म्हणायची आणि तिच्या टाक्यांना घाबरायची, कारण ऊलायूच्या शिवणीतून पाण्याचा थेंबही आत जात नसे. आज कातड्यावर टाके दोन ओळींनी गेले होते, आणि दोन्ही ओळी वाकड्या होत्या.

"आत्याबाई, पिशवीतलं कुठे गेलं?"

"कुत्र्यानं खाल्लं असेल," ऊलायू म्हणाली.

"कुत्रा पिशवी धुऊन वाळत घालत नाही, आई," तापीसा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मामा तिकडे आडवा पडलाय. त्याला दोन दोन दिसतंय, गिळता येत नाहीये. त्या बादलीत विष होतं. औषधाची एकच बाटली उरलीय. खाल्लं असलंस तर आत्ता सांग."

ऊलायूनं सुई कातड्यात टोचून ठेवली. अगदी सावकाश. बोलली तेव्हा जीभ जड झाल्यासारखी वाटत होती.

"एकच उरलीय?"

"एकच."

"मग ती लीतियाला द्या. तिच्या अंगावर बाळ आहे. मी काही खाल्लेलं नाही."

"आत्याबाई, मी खाल्लं नाही! त्या पिशवीत माझाच वाटा होता."

"मला फसवू नकोस. वाडगा घेऊन जाताना मी तुला पाहिलंय. रिकामा वाडगा धुताना पाहिलंय. पिशवीतलं जाइपितीचं होतं, मामानं त्याच्यासाठी काढून ठेवलेलं."

"मामांनी काही काढून ठेवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते."

"तू रोजच सांगतेस," ऊलायू म्हणाली. "आत्ताच जेवले, आत्याबाई, तुम्ही घ्या. रोज."

"आणि तुम्ही काय सांगता? दात राहिले नाहीत!"

लीतियाला रडू फुटलं ते रागानं. दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी, महिनोन्‌महिने एकमेकींच्या ताटात घास सारत आल्या होत्या आणि जेवले म्हणून सांगत आल्या होत्या. दोघींनाही ते कळत होतं, आणि दोघींनी एकमेकींची लाज राखली होती. आज खरं बोलायची वेळ आली, तर खरं मानायलाच कुणी तयार नव्हतं. मामाच्या बाटलीतलं औषध एव्हाना निम्मं शिरेत गेलं असेल. आणि इथे ही बाई जीव द्यायला बसली होती, मुकाट्यानं, जणू पाहुण्याला चहा पुढे करतेय.

"उचलून नेऊ या हिला," तापीसा म्हणाली.

"नेऊन काय करणार? तोंड मिटून बसतील. खाल्लं नाही म्हणतील, आणि ती नर्स दुसऱ्या कुणाची लक्षणं दिसतात का म्हणून बाटली राखून ठेवील. त्यांच्या तोंडून यायला हवं." लीतियानं डोळे पुसले आणि कौनाककडे वळली. "इकडे ये. तुझ्या पोरीला विचार, तिनं ते खाल्लं का."

"लीतिया, लहान आहे ती! तिच्यावर कशाला टाकतेस हे?"

"ती लहान आहे की मोठी ते आत्याबाईंनाच विचारा, ताई."

कौनाकला ऊलायूच्या आईचं नाव दिलेलं होतं. ती जन्मली त्या दिवसापासून ऊलायू तिला आईच म्हणत आली होती, आणि बोलायला लागल्यापासून पोरगी आजीला 'पोरी' म्हणून हाक मारत होती. त्या घरात यात कुणाला गंमत वाटत नसे. नाव परत आलं म्हणजे माणूस परत आलं. आणि ती पहिली कौनाक कशी होती, ते ऊलायूनं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गाव वसायच्या आधीचा तो उपाशी हिवाळा, कुत्री मारून खाल्लेली, आणि आईला घास उरावा म्हणून सहा वर्षांची ऊलायू खोटंच म्हणाली होती, मी जेवले. आईनं तिला एक थोबाडीत दिली होती. आयुष्यात एकदाच. 'माझ्याशी खोटं बोलून मला जगवणार आहेस?' असं म्हणून आपल्या तोंडातलं काढून तिला भरवलं होतं.

कौनाक उठली. कात्री खाली ठेवून ती ऊलायूच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. ऊलायू तिचे केस विंचरताना धरायची, तसंच.

"पोरी," ती म्हणाली, "तू खाल्लंस का ते?"

चुलीवरची किटली कुरकुरत होती. ऊलायू तिच्याकडे बघत राहिली.

"विचारतेय ना मी? सांग की."

"सांगितलं ना, आई," ऊलायू हळूच म्हणाली.

"नाही सांगितलंस. तुझं तोंड काहीच म्हणत नाहीये."

ऊलायूनं बोट उचलून स्वतःच्या भुवईला लावलं. भुवई जागच्या जागी होती. तिनं पापणी बोटानं वर ढकलली आणि बोट काढलं, तशी ती पुन्हा खाली आली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. की चेहऱ्यावर दिसलीच नाही, हातात दिसली, हे लीतियाला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"खाल्लं, आई," ऊलायू म्हणाली. "काल संध्याकाळी. पोर्चमध्ये उभी राहून. एकच तुकडा घेणार होते, आणि सगळंच खाल्लं. जाइपितीचं होतं गं. मला भूक लागली होती."

"भूक लागली की खायचंच असतं," कौनाक म्हणाली आणि तिला तिचे बूट आणून दिले.

*

दोन खाटांच्या मध्ये पडदा होता, तो मामानं बाजूला सारायला लावला. "बहिणीला दोनदा बघायची संधी पुन्हा कधी मिळणार," असं म्हणाला तो, पण निम्मे शब्द घशातच राहिले. ऊलायूच्या हाताला सुई लागली होती. बाटलीवरचं लीतियाचं नाव मार्गोनं खोडून वर तिचं लिहिलं होतं. तुम्ही वेळेत आणलंत, असं ती दोनदा म्हणाली. पण गेलेली ताकद औषधानं परत येत नाही, पुढची तेवढी राखली जाते, हेही तिनं सांगितलं. मामाच्या श्वासाकडे ती दर पाच मिनिटांनी घड्याळ लावून बघत होती. विमान निघालं होतं. उतरणार की घिरट्या घालून परत जाणार, ते धुक्याच्या हाती होतं, आणि सगळ्यांचे कान छपराकडे लागले होते.

मग मार्गोनं नवा कागद घेतला आणि लीतियाकडे वळली.

"तुझ्याबद्दल खात्री हवीय तिला," तापीसा म्हणाली. "विचारतेय, तू नक्की खाल्लं नाहीस ना? आणि मग शेवटचं कधी जेवलीस, काय जेवलीस, ते सांग."

"आत्ताच," लीतिया सवयीनं म्हणाली. "सकाळी. बॅनकची रोटी खाल्ली."

तापीसानं भाषांतर केलं नाही. मार्गो पेन धरून थांबली होती. लीतियाला तो कागद दिसत होता आणि त्यावरच्या रिकाम्या चौकटी दिसत होत्या. असल्या एका चौकटीत लिहिलेल्या दोन ओळींनी गेल्या वर्षी पलीकडच्या घरातली दोन मुलं दक्षिणेला परक्यांच्या घरी गेली होती. आई उपाशी राहते असं लिहिलं, तर मुलं कुठे राहतील असंही कुणीतरी लिहितं. टोपीत बाळ चुळबुळायला लागलं होतं. अंगावर घेतलं तर दूध न मिळून दोन मिनिटांत सोडून द्यायचं आणि रडायचं, आज तीन दिवस असंच चाललं होतं.

"लीतिया," तापीसा अगदी हळू म्हणाली, "मी तिला काय सांगायचं ते मी बघते. मला खरं सांग."

बोलायला किती जड जावं! ऊलायूला जे सांगायचं नव्हतं, मघाशी कौनाकनं जे बाहेर काढलं, तेच वाक्य आता लीतियाला बोलायचं होतं.

"परवाच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "नूडल्सचं पाणी. नूडल्स कौनाकला दिले. मग चहाच."

तापीसानं डोळे मिटून घेतले. मग ती मार्गोकडे वळून सपाट आवाजात काहीतरी म्हणाली. लीतियाला त्या भाषेतले थोडे शब्द कळायचे. विष खाल्लेलं नाही, एवढं कळलं. पुढे बाळाच्या दुधाचा शब्द आला, दवाखान्याच्या कपाटाचा आला. मार्गो काही न लिहिता उठली आणि किल्ली घेऊन आत गेली.

तापीसानं पर्समधून कागदात गुंडाळलेलं बॅनक काढलं. जाड, थंड, वर चरबीचा पातळ थर. ते तिचं दुपारचं जेवण होतं.

"खा."

"नंतर खाते, ताई. तुमचं—"

"आत्ता. माझ्यासमोर."

लीतियाच्या बोटांनी त्याचे आपोआप दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा कौनाकपुढे धरला. कौनाकनं तो बघितला, आवंढा गिळला, पण हात पुढे केला नाही. तिनं खाटेकडे पाहिलं.

"पोरी, ती पुन्हा मलाच देतेय," तिनं तक्रार केली.

ऊलायूचे डोळे मिटलेले होते. तिला ते उघडता येत नव्हते. तिनं सुई नसलेला हात चादरीवरून पुढे सरकवला आणि लीतियाची बाही पकडली.

"इकडे बस," ती म्हणाली. शब्द तुटत होते, पण ऐकू येत होते. "अगदी जवळ. मला दिसत नाही. खाल्लं म्हणून सांगू नकोस. चावताना ऐकू दे."

लीतिया खाटेच्या कडेवर बसली. तिनं आपलं तोंड त्या म्हातारीच्या कानाशी नेलं, आणि पहिला घास घेतला. लहान पोरं करतात तसं, आवाज करत, तिनं तो चावला. तापीसानं टोपीतून बाळाला काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"आणखी," ऊलायू म्हणाली, आणि लीतियानं दुसरा घास तोडला.